थोरली जाऊ, वयानं धाकटी

आक्का, आजपासून तुला अगंतुगं. बावन्न वर्षं "आक्का, तुमी बसा", "आक्का, तुमी घ्या" करून माझ्या जिभेला घट्टे पडले. काल तुझा बारावा झाला. पावणं जेवून गेले, मांडवाचं कापड उतरलं, आणि आज सकाळी चहा पिता पिता मी ठरवलं, आता तू म्हणजे तूच. पटत नसेल तर उठून ये आणि भांड.

गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, एवढं मलाही कळतं. प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, सगळ्यांना धरून राहिल्या. हे सगळं तुझा मुलगा पेपरात देऊन बसला आहे, फोटोसकट. मी तसलं लिहायला बसलेली नाही. मला सूड घ्यायचा आहे. तू माझी एक गोष्ट उचललीस आणि दहा वर्षं स्वतःच्या नावावर मिरवलीस. काल मी त्याचं काय केलं, ते तुला सांगायचं आहे. पण आधी पहिल्यापासून सांगते. मधे बोलायची तुझी खोड होती, आता तेवढी सोय झाली आहे.

तू थोरली कशी, हेच मुळात मला कधी पटलं नाही. लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा तू पंधराची होतीस. हे मी नाही म्हणत, तुझी आईच वडगावहून आली की चुलीपुढं बसून सांगायची. माझ्या माहेरी, गारगोटीला, आई अंथरुणाला खिळलेली. धाकटी भावंडं मार्गी लावता लावता माझं लग्न लांबलं. तुझ्यानंतर दोन वर्षांनी मी आले ती एकोणिसाची होऊन. आता कर हिशेब बोटांवर. तू सतराची, मी एकोणिसाची. पण तुझा नवरा थोरला, माझा धाकटा, म्हणून तू थोरली आणि मी धाकटी. उंबऱ्यातून आत आल्या आल्या सासूबाईंनी मला तुझ्या पाया पडायला लावलं. मी वाकले, आणि तू काय म्हणालीस? "उठ गं पोरी." पोरी! तेव्हा तुझ्या नाकातला शेंबूड नीट पुसला जात नव्हता.

तेव्हापासून मी धाकटी. गल्लीत धाकटी, नात्यात धाकटी, पोरांना धाकटी आई, नातवंडांना धाकटी आज्जी. माझं नाव शेवटचं कुणी घेतलं तेही मला आठवत नाही.

कामाची वाटणीही त्याच मापानं झाली. घरामागच्या परड्यात चार म्हशी होत्या. धारा काढायचा मान थोरलीचा, कारण म्हैस तिच्याच हाताला पान्हा सोडते म्हणे. आणि डोक्यावर किटली घेऊन राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालत रतीब घालायचा, ते काम धाकटीचं. ऊन असो नाहीतर चिखल. तू परड्यात सावलीला, मी लोकांच्या दारात.

त्याच दारांत मला अक्षरं सापडली. कितीदा सांगितलं होतं तुला, आता पुन्हा ऐक. दार कुणाचं ते मला पाठ होतं. दारावर पाटी असायची. या घरात पाटील राहतात, म्हणजे पाटीवर पाटीलच लिहिलेलं असणार. शेजारी पाटणकर. दोन्ही पाट्या सुरुवातीला सारख्याच दिसतात, म्हणजे तो आकार 'पा' आणि पुढचा 'ट' असला पाहिजे. तिसऱ्या दारात जोशी, कोपऱ्यावर जाधव. दूध मोजता मोजता मी पाटीवरच्या आकारांशी खेळायची. जोशीकाकू म्हणायच्या, "अहो बाई, लक्ष कुठं आहे, दूध सांडतंय." चाळिशीला टेकले होते मी तेव्हा. दीड वर्षात दुकानांवरच्या पाट्या लागायला लागल्या, मग बसवरच्या, मग पुडीच्या कागदावरच्या बातम्या. कुणी शिकवलं नाही, कुणाला विचारलं नाही. एकदाच विचारलं, तेही फजिती करून घ्यायला. एका वकीलसाहेबांच्या दारावर नावाआधी 'ॲड.' एवढंच लिहिलेलं होतं. मी दोन वर्षं ते 'वकील' असंच वाचत होते. मला वाटायचं, मोठ्या माणसांचं शिक्षण थोडक्यात लिहीत असतील. शेवटी एक दिवस त्यांच्या मिसेसना विचारलंच, "वैनी, तुमच्या पाटीवरचा वकील एवढुसाच का हो?" ती बाई हसून हसून पायरीवर बसली.

त्या दिवशी घरी येऊन मी तुला परड्यात हे सांगितलं, तेव्हा तूही हसलीस. म्हशीच्या अंगावर रेलून हसलीस, म्हैस बुजली. आपण दोघी इतक्या हसलेल्या मला दुसऱ्या कुठल्या दिवशी आठवत नाही. म्हणून तर जास्त राग येतो. हसता हसता तू ती गोष्ट गाठीला बांधून ठेवलीस, हे मला काय ठाऊक?

मग वीस वर्षांनी स्नेहल आली वही घेऊन. तुझ्या मुलाची मुलगी, म्हणजे तुझी सख्खी नात. सहावीत होती. म्हशी विकून झाल्या होत्या, परड्यात नळाची टाकी आली होती, घरात नुकता फोन बसला होता आणि त्याच्यावर तू विणलेला रुमाल होता. मी बाहेरच्या सोप्यात गवारी मोडत बसले होते, तू कॉटवर.

"आज्जी, बाईंनी प्रश्न दिल्यात. म्हातारपणाचे आनंद आणि अडचणी. घरातल्या आज्जी-आजोबांना विचारून लिहायचं."

"मग लिही की. मी हाय, ही बी हाय."

"एकाच आज्जीचं लिहायचंय. सख्ख्या."

तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलं नाहीस, मान तिरकी करून बघितलंस. "मग माझंच लिही बाई. तशी म्हातारी मीच पयली."

घ्या! म्हातारपणातसुद्धा माझ्या पुढं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असून गुडघे तुझे आधी दुखायला लागले, मऊ भात तुला आधी लागला, खिडकीजवळची कॉट तुला मिळाली. मी एकसष्टाची होऊन तुला पाण्याचा तांब्या आणून द्यायचे.

स्नेहलनं विचारलं, "म्हातारं झाल्यावर काय आवडतं?"

"कुणी काम सांगत न्हाई."

"आनि सांगितलं तर?" मी मधेच बोलले.

"ऐकू येत न्हाई."

पोरगी हसत सुटली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पुढं तिनं विचारलं, काय आवडत नाही? तू कॉटवर पाय वर घेतलेस. मग म्हणालीस, "आरशात बघितलं की आई दिसती. मी तिला आय म्हनून हाक मारायला जातो आन् मग कळतंय, ती मीच." पोरीचा हात वहीवर थांबला. माझ्या हातातली गवारीची शेंगही थांबली. मनात म्हटलं, काय बोलली बाई! लिहिता येत असतं तर हिनं पुस्तक लिहिलं असतं. बघ, इतकी मोठ्या मनाची होते मी त्या क्षणापर्यंत.

मग शेवटचा प्रश्न आला. "आज्जी, आयुष्यात सगळ्यात अवघड काम कुठलं केलंस?"

मुलं वाढवली, नवरा लवकर गेला, त्यातलं काहीही सांगितलं असतंस तर चाललं असतं. पण तू घसा खाकरलास आणि म्हणालीस, "मी आपली आपन वाचाय शिकलो. दूध घालाय जात हुतो न्हवं राजारामपुरीत, तवा दारावरच्या पाट्या बगून."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पाटील सांगितलास, पाटणकर सांगितलास. जोशी, जाधव सगळं सांगितलंस. ॲड. म्हणजे वकील हेही सांगितलंस, आणि मी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा रंगवून सांगितलंस. पोरीचे डोळे असे मोठे झाले. "आज्जी, तू शाळेतच गेली न्हाईस आणि तरी?" त्या डोळ्यांपुढं मी काय बोलणार? "तुझी आज्जी खोटारडी आहे" असं म्हणू? मी गवारी मोडत राहिले. त्या दिवशी भाजीत दोरे राहिले म्हणून तू मलाच बोललीस, ते निराळं.

संध्याकाळी मी तुला परड्यात गाठलं. "आक्का, ते माझं हुतं."

"काय तुझं?"

"वाचायचं."

"तुझं-माझं काय त्यात? धार कोण काढत हुतं? मी धार काढली नसती, तर तू कुनाच्या दारात हुबी राह्यली असतीस?"

याचं उत्तर मी दहा वर्षं शोधते आहे. आंघोळ करताना, भाकरी थापताना शोधते आहे. एखाद्या वेळी वाटतं, काय चुकीचं बोलली? आणि लगेच वाटतं, छे, म्हशीनं दूध दिलं म्हणून म्हैस शिकली का वाचायला?

पोरीनं लिहिलेलं ते शाळेच्या वार्षिक अंकात छापून आलं. संमेलनात तुला नारळ दिला, शाल दिली. गल्लीत आठ दिवस तुझंच नाव. "आक्का, तुमी शिकलेल्या हाय, आमाला ठावंच न्हवतं!" आणि मला काय म्हणाले लोक? तेच खरं सांगायचं आहे तुला. ते म्हणाले, "म्हनजे धाकटीला बी तुमीच शिकवलं व्हय?" आणि तू, आक्का, तू नाही म्हणाली नाहीस. पदर सारखा केलास आणि हसलीस. गोष्ट उचललीस ते एक वेळ मी गिळलंही असतं. पण त्या हसण्यानं तू मला तुझी विद्यार्थीण करून टाकलंस.

पण देव होता कुठंतरी. लोक तुझ्याकडं लग्नपत्रिका घेऊन यायला लागले. तुझी भंबेरी बघण्यासारखी असायची. "चष्मा कुठं ठिवला बाई," म्हणत आत यायचीस, पत्रिका माझ्या हातात कोंबायचीस, आणि दाराआड उभी राहून म्हणायचीस, "सांग लवकर, तारीख काय हाय?" मी सांगायची, तू बाहेर जाऊन थाटात वाचून दाखवायचीस. मग पेपर. रोज दुपारी जेवणं झाली की दार लोटून मी पेपर वाचायची आणि तू कॉटवर पडून ऐकायचीस. मधूनच "थांब, ते परत वाच" म्हणायचीस. कुणाचा खून झाला, कुठं भाव पडला, कुणाची सून पळाली. त्या दुपारी चांगल्या होत्या. एवढं कबूल करते आणि पुढं जाते.

मी सूड घेतला नाही असं समजू नकोस. राशिभविष्य माझ्या हातात होतं. घरात बासुंदी असली की तुझ्या राशीला त्या दिवशी गोड वर्ज्य असायचं. तू वाटी बाजूला सारायचीस आणि मी तुझ्यासमोर दोन वाट्या खायची. तू मला भांडी घासताना टाकून बोललीस की दुसऱ्या दिवशी तुझ्या राशीत लिहिलेलं असायचं, "घरातील वडीलधाऱ्या स्त्रीशी नम्रतेने वागा." तू म्हणायचीस, "वडीलधारी मीच की." मी म्हणायची, "मग पेपरवाल्याला इचारा, मी काय छापतो व्हय?"

एकदा मात्र मी मनापासून म्हटलं होतं. पावसाची झड होती, पेपर आला नव्हता, दोघी नुसत्याच बसलो होतो. "आक्का, शिकवतो की तुमास्नी. पंधरा दिवसात येतंय. कशाला दारामागं हुबं राहायचं?"

तू ताडकन उठून बसलीस. "तुझ्याकडनं? धाकट्या जावंकडनं शिकू? मरंन, पर शिकनार न्हाई."

"मग मरा," मी म्हटलं.

आता तू मेलीस. आणि तो शब्द मला दिवसातून दहादा आठवतो. पण परत घेत नाही. मी पाटी-पेन्सिल आणून ठेवली होती आक्का, तुला न विचारता. बोहारणीकडून नव्हे, दुकानातून नवी. ती तशीच माळ्यावर टाकली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुझ्याजवळ मी एकटीच होते. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस. तर तू म्हणालीस, "धाकटे, तू पेपर खरा वाचत हुतीस न्हवं?"

"व्हय."

"बासुंदीचं बी?"

मी तुझं पांघरूण सारखं केलं. तू डोळे उघडलेस. "चष्मा सापडंना म्हनून स्नेहलकडनं परत वाचून घेत हुतो मी. पयल्या टायमालाच कळालं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"म्हटलं, तेवढा राग तुझा ऱ्हाऊ दे."

एवढंच. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तेवढा राग! माझ्या चाळिशीतली ती दोन वर्षं, उन्हातान्हात एकेक अक्षर वेचून आणलेली, आणि त्यांच्यापुढं चार वाट्या बासुंदी? एवढ्यावर मिटवून गेलीस? माफी मागितली असतीस तर मी तुझं डोकं मांडीवर घेतलं असतं. तेही तू होऊ दिलं नाहीस. मी तुझे पाय चेपत बसले आणि मनात तुला शिव्या देत राहिले.

मला कुणी विचारलं असतं ना म्हातारपणाचं, तर मी सांगितलं असतं. आनंद हा, की आता पाटी वाचायला थांबलं तरी कुणी हाकत नाही. रंकाळा तळ्याच्या काठी बाकड्यावर बसून भेळेचा कागद सावकाश वाचते. कुणाच्या परीक्षेचा निकाल, कुठल्या गावची जत्रा, जुनी का असेना. आणि अडचण ही, की भांडायला बरोबरीचं माणूस उरत नाही. सुना ऐकून घेतात, नातवंडं हसून घेतात. "गप गं" म्हणणारं कुणी नाही. गेले बारा दिवस मला कुणीही "धाकटे" अशी हाक मारलेली नाही. इतका राग आला आहे मला तुझा.

आता कालचं सांगते.

बारा दिवस मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. सगळ्यांसमोर सांगायचं, आक्काला वाचता येत नव्हतं, ते सगळं माझं होतं. शब्दही ठरवले होते. जेवणाआधी स्नेहल उभी राहिली. आता पुण्याला नोकरी करते, खांद्याला पर्स, हातात मोबाइल. दुसऱ्या हातात शाळेचा तो जुना अंक. म्हणाली, "आज्जीची उत्तरं वाचते." काम न सांगण्याचं वाचलं, लोक हसले. ऐकू न येण्याचं वाचलं, आणखी हसले. आरशातल्या आईपाशी तिचा आवाज फुटला. तिनं अंक माझ्यापुढं धरला. "धाकटी आज्जी, पुढचं तू वाच. मला होत न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाचू दे की, आक्कांनीच शिकवलंय तिला."

मी उभी राहिले. भिंतीशी तुझा फोटो, हार घातलेला, तोंडावर तेच संमेलनातलं हसू. हातातल्या पानावर छापलेलं, "मी कुणाच्याही मदतीशिवाय, दारावरच्या पाट्या बघून वाचायला शिकले." आता म्हटलं, हाण. हीच वेळ. पण तुझी नात माझ्या दंडाला धरून रडत होती, आणि तिला मी काय सांगणार होते, तुझी आज्जी दहा वर्षं दारामागं उभी होती? तेवढ्यात मला दुसरंच सुचलं. त्याहून चांगलं. अंगावर काटा आला इतकं चांगलं.

मी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मला वाचायला माझ्या धाकट्या जावेनं शिकवलं. ती राजारामपुरीत दूध घालायला जायची, तिथल्या पाट्यांवरून ती आपली आपण शिकली. आणि मग घरी येऊन तिनं मला शिकवलं. मी तिला फार त्रास दिला. पण ती चांगली शिक्षक होती."

मग तुझ्या भावाची बायको म्हणाली, "बघा, केवढं मन आक्कांचं. धाकटीचं नाव घेतलं."

तुझंच कौतुक झालं शेवटी, ते जाऊ दे. पण गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. सगळ्या. तू माझी विद्यार्थीण झालीस आक्का, पन्नास माणसांसमोर, आणि तुला हूं की चूं करता आलं नाही.

जेवणं झाल्यावर स्नेहल अंक घेऊन मोरीपाशी आली. पान उघडं होतं. "धाकटी आज्जी, इथं तर असं न्हाई छापलेलं."

"तू सहावीत हुतीस बाळ. घाईनं लिहिलंस."

ती माझ्याकडं बघत राहिली. लबाड आहे, तुझ्यावर गेली आहे. पर्समधून पेन काढलं, तिथंच भिंतीला अंक टेकवून ती ओळ खोडली आणि वर नवी लिहायला लागली. "सांग परत. सावकाश सांग."

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, तिनं लिहिला.

तेव्हा आता तिकडं नीट बस. तिथंही दारांवर पाट्या असतील, आणि कुणी ना कुणी तुला वाचून दाखवायला तयार होईल, तुझी जीभ गोड आहे. पण कुणाची मदत घेऊ नकोस. माझे गुडघेही आता दुखतात, फार वर्षं लागणार नाहीत. मी येईपर्यंत दुसऱ्या कुणाकडनं शिकायचं नाही.